दहापैकी दोन

वळ गावच्या मैदानावर माझा गुडघा पहिल्यांदा वाजला तेव्हा मी चढाईवर होते. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. मी वीस वर्षांची होते, पूर्णा गावच्या मुलींच्या संघातून कबड्डी खेळायचे आणि ठाणे जिल्ह्याच्या संघातही होते. समोरच्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला हात लावून मी उजव्या पायावर गर्रकन वळले आणि आत काहीतरी टक् झालं. सुकी काटकी मोडावी तसं. मी पडले, पण दम सोडला नाही. कोपरांवर सरपटत मध्यरेषेला बोटं टेकवली. पॉइंट मिळाला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या संघाचे सर बाकीच्या मुलींकडे वळून म्हणाले, "बघितलं? असं खेळायचं. दुखणं घरी ठेवून मैदानावर यायचं." त्या दिवशी मला उत्कृष्ट चढाईचं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मांडीवर धरून मी बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसले. उजवा पाय दुमडत नव्हता म्हणून सरळ बाहेर काढला होता आणि बाजूने कंटेनर जाताना बाबा आरशातून त्या पायाकडे बघत होते.

"लागलं काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. मी सैल सलवार घातली, आत क्रेप बँडेज गुंडाळलं आणि सरावाला गेले. चार दिवस मी कोणालाच काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी वॉर्मअपमध्येच पाय लटपटला आणि सरांनी पाहिलं. ते मला त्यांच्या स्कूटरवर घालून भिवंडीत एका म्हाताऱ्या पहिलवानाकडे घेऊन गेले. तो हाडं बसवायचा. त्याची खोली लूमच्या गल्लीत होती. मागच्या बाजूचे यंत्रमाग एवढे खडखडत होते की बोलायचं तर ओरडावं लागायचं. त्याने माझी नडगी दोन्ही हातांनी धरून हलकेच पुढे ओढली, परत मागे ढकलली, परत ओढली. मग माझ्याकडे न बघता सरांना म्हणाला, "ये हड्डी का मामला नहीं है. अंदर की रस्सी गई है. मेरे हाथ का काम नहीं. बड़े डॉक्टर को दिखाओ."

"महिन्याभरात राज्य संघाची निवड आहे," सर म्हणाले.

"तो मत भेजो."

आम्ही बाहेर आलो. सरांनी उसाचा रस घेतला, मलाही दिला. मग ग्लास ठेवता ठेवता म्हणाले, "तू सांग, काय करायचं?"

आता वाटतं, तो प्रश्न त्यांनी मला विचारायला नको होता. वीस वर्षांच्या मुलीकडे त्याचं एकच उत्तर असतं.

"खेळते," मी म्हणाले.

निवडीआधी आठ दिवसांचं शिबिर होतं. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा फिजिओथेरपिस्ट बघितली. तिशीतली बाई, केस घट्ट बांधलेले, हातात पुठ्ठ्याची फाइल. ती मूळ भिवंडीचीच, एका शिक्षकांची मुलगी. ती एकेका मुलीला बोलावून विचारायची, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तुझं किती?"

मी म्हणाले, "दोन."

तिने मान वर केली. "पंधरा मुली झाल्या. सगळ्यांचं दोनच आहे. तुम्ही बाहेर ठरवून येता का?"

आम्ही ठरवलं नव्हतं. शून्य म्हटलं तर खोटं वाटेल आणि तीन म्हटलं तर नाव कापतील, हे प्रत्येकीने आपापल्या मनाशी जोखलं होतं. तिने माझा गुडघा दाबून बघायला हात पुढे केला तेव्हा मी घाईघाईने पाय मागे घेतला. सराव सुरू होतोय मॅडम, असं सांगून पळाले. पळाले म्हणजे खरंच पळत गेले, ती बघत असेल म्हणून.

अंतिम निवडीच्या आदल्या दिवशी शिबिरातून दोन तासांची सुटी मिळाली. मी एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांना मी सांगितलं की जिन्यावरून पडले, उद्या परीक्षा आहे, तीन तास बाकावर बसवणार नाही. कबड्डीचं अक्षर काढलं नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला आणि सकाळी परीक्षेच्या आधी येऊन जा म्हणाले. सकाळी त्यांनी गुडघ्यात इंजेक्शन दिलं. "बसून राहा," त्यांनी बजावलं. "पायावर जोर देऊ नकोस. दुखणार नाही, पण बरं झालंय असं समजू नकोस."

अर्ध्या तासात गुडघा नाहीसाच झाला. महिन्याभरात पहिल्यांदा मी पाय कसा टाकतेय याचा विचार न करता चालले. इतकं हलकं वाटलं की रस्त्यातच दोन उड्या मारल्या. तोवर आम्ही मातीवर खेळलेल्या मुली. निवड मात्र मॅटवर होती आणि मॅटवर बूट घालावे लागायचे. मातीवर पाय थोडा घसरतो, शरीराला वाट देतो. मॅटवर बूट जिथे टेकला तिथे चिकटतो. तिसऱ्या चढाईत मी तशीच गर्रकन वळले, जशी वळमध्ये वळले होते. शरीर वळलं. बूट वळला नाही.

काहीच दुखलं नाही. मी खाली बसले होते आणि कोणीतरी किंचाळलं होतं, ती मी नव्हते. आमच्या गावच्या संघाची कॅप्टन, माझी शाळेपासूनची मैत्रीण, समोर उभी होती आणि तिने तोंडावर हात धरला होता. तिच्या नजरेच्या रोखाने मी खाली बघितलं. गुडघ्याखालचा पाय भलत्याच दिशेला होता. तो माझा आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण आतून तसा कसलाच निरोप येत नव्हता. त्या क्षणाइतकी भीती मला नंतर कशाचीच वाटली नाही. दुखावं म्हणून मी मांडीला चिमटे काढत होते.

ठाण्याच्या एका इस्पितळात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नऊ महिने मैदान नाही. इंजेक्शनचं मी त्यांना सांगितलं. आई-बाबांसमोरच सांगितलं. बाबा उठून खिडकीपाशी गेले. आई एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचंस."

घरी आले आणि खरा छळ सुरू झाला. मला एका जागी बसायची सवयच नव्हती. आमच्या घरासमोर तेव्हा गोदामांची कामं चालली होती. आमचीही जमीन त्यातच गेली होती. दिवसभर पत्रे चढवायचे आवाज, ट्रकचे रिव्हर्स हॉर्न. मी कुबड्या घेऊन पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. टीव्ही लावायचे, बंद करायचे. पेपर उघडून पहिल्या ओळीवरच अडकायचे. संध्याकाळी साडेपाच वाजले की मैदानावरून मुलींचा आवाज यायचा आणि माझ्या दोन्ही मांड्या आपोआप ताठ व्हायच्या. आई म्हणायची, "बस गं जरा, तुझ्या फेऱ्यांनी माझं डोकं फिरतंय." मी पाच मिनिटं बसायचे आणि परत उठायचे.

टाके काढल्यावर व्यायामासाठी भिवंडीतल्याच फिजिओकडे जायला सांगितलं. दार उघडलं तर तीच. शिबिरातली. तिने मला ओळखलं.

"आज किती?" तिने विचारलं.

"दोन," मी सवयीने म्हणाले आणि मग दोघींनाही हसू आलं. माझ्या हसण्याचं मध्येच रडू झालं. तिने रडू दिलं. मग दोनशे पानी वही पुढे सरकवली. "आकडा राहू दे. रोज लिहायचं. कुठे दुखतं, कसं दुखतं, काय करताना दुखतं आणि तेव्हा मनात काय चाललं होतं."

"कसं म्हणजे? दुखतं म्हणजे दुखतं."

"पाच वर्षं शरीराच्या जोरावर खेळतेस आणि दुखण्याला एकच शब्द आहे तुझ्याकडे?"

राग आला मला. घरी येऊन मी वही उघडली आणि तीन दिवस एकच शब्द लिहिला, 'दुखतंय'. चौथ्या दिवशी आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिला मी चिडून म्हटलं की या बाईला काय लिहून देऊ. आईने निवडता निवडता विचारलं, "ठणकतंय का चमकतंय?"

"म्हणजे?"

"दोन्ही एक न्हाय. ठणका आत बसून राहतो. चमक येते आणि जाते. आणि कळ हाय, ती खालून वर चढते. ओढ लागते ती येगळी. रग लागते ती तर कामाची, झोपलं की जाते." तिने सुपातला खडा बाजूला टाकला. "टोचतंय का, आवळतंय का, जळजळतंय का, ते बघ ना आधी."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या लहानपणी आई गवताचे भारे डोक्यावर घेऊन भिवंडीच्या बाजारात जायची, आणि जमीन जाईपर्यंत पंचवीस वर्षं तिने वाकून लावणी केली होती. तिचा उजवा खांदा वर जात नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वरच्या फळीवरचा डबा ती मला काढायला सांगायची, एवढंच. तिला किती दुखतं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझं काय घेऊन बसलीस. माझं जुनं हाय."

पुढच्या खेपेला मी तिला बरोबर नेलं. ती वाटभर कुरकुरत होती. फिजिओने तिचा खांदा तपासला, भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला, आणि म्हणाली, "मावशी, पूर्ण जाणार नाही. पण डबा काढता येईल." घरी मग आम्ही दोघी सकाळी व्यायाम करायचो. मी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय दाबायचे, आणि आई भिंतीवर बोटं चढवत तोंडाने आकडे मोजायची. बाबा पेपरआडून हसायचे.

सात महिने झाले. तपासणीत गुडघा पक्का होता. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, दोरी नवी आहे आणि छान धरली आहे. तरीही उजव्या पायावर वळायचं म्हटलं की दुखायचं. वळण्याच्या आधीच दुखायचं. मी नुसती उभी असायचे, वळायचं मनात यायचं आणि आत चमक यायची. मला वाटलं, ऑपरेशन फसलं आणि हे लोक लपवताहेत. मी फिजिओला तसं बोलूनही दाखवलं, बरंच चढ्या आवाजात.

ती शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे गोदामावर वॉचमन असतात ना? एकदा चोरी झाली की पुढचे सहा महिने तो काय करतो?"

"मांजर आलं तरी शिट्टी मारतो," मी म्हणाले.

"त्याला कामावरून काढून टाकायचं का?"

"नाही."

"आणि त्याच्या तोंडात बोळा कोंबला की काय होतं, ते तू बघितलंयस."

मी उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला.

"आता त्याला रोज थोडं थोडं दाखवायचं, की बाबा, हे मांजर आहे. दुखतंय ते खोटं नाही. पण दुखलं म्हणजे काहीतरी तुटलंच, असं नसतं. आणि कधी कधी तुटतंही. फरक तुलाच शिकावा लागेल, मला बाहेरून दिसत नाही."

मग चालत वळणं. मग पाण्यात वळणं. मग खडूने जमिनीवर रेघा काढून हळू पळत वळणं. रोज वहीत. 'आज आठ वेळा वळले. तीनदा चमक. चमक अर्ध्या तासात गेली. मनात वळचं मैदान.' दुसऱ्या दिवशी सूज आली तर मागे यायचं, नाही आली तर पुढे. या मागेपुढेने मी वेडी झाले. मला कोणीतरी एकदाच सांगायला हवं होतं की तू बरी आहेस किंवा तू संपलीस. तसं कोणी सांगेना.

वर्षाने मी परत मैदानावर आले. दापोड्याला स्पर्धा होती, उपांत्य सामना. पहिल्या डावात मी सहा पॉइंट काढले. गुडघा ओळखीचं दुखत होता, तो मला आता पाठ झाला होता. उत्तरार्धात चार-पाच मिनिटं उरली असताना, आम्ही तीन पॉइंटांनी मागे असताना, डाव्या नडगीत काहीतरी झालं. डाव्या, म्हणजे चांगल्या पायात. बारीक, एकाच ठिकाणी, सुई ठेवावी तसं. पाय टेकला की टोचायचं, उचलला की थांबायचं. हे दुखणं माझ्या वहीत कुठेच नव्हतं. पुढची चढाई माझी होती. मी मध्यरेषेपाशी उभी राहिले आणि सरांकडे बघून हात वर केला. बदली.

सरांना वाटलं मी टाइमआउट मागतेय. मी मान हलवली आणि चालत बाहेर आले. कॅप्टन मैदानातून ओरडली, "काय झालं? पडली नाहीस, झडली नाहीस!" माझ्या जागी आलेली मुलगी पहिल्याच चढाईत पकडली गेली. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर कॅप्टन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या कोपरातून रक्त येत होतं. "घाबरलीस तू," ती म्हणाली. "सरळ सांग ना, घाबरले म्हणून."

"वेगळं दुखत होतं."

"मला पण दुखतं! मला रोज दुखतं. मी गेले बाहेर?"

आठवड्याने तपासणी केली. एक्स-रेमध्ये काही नाही. मोठं स्कॅनही केलं, त्यातही काही नाही. अहवाल हातात घेऊन मी फिजिओसमोर बसले. मला हाड चिरलेलं हवं होतं. बारीकशी का होईना, चीर. कॅप्टनला दाखवायला.

"म्हणजे मी उगीचच बाहेर आले?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "तू खेळली असतीस तर कदाचित आज इथे चीर दिसली असती. कदाचित नसती दिसली. तेव्हा तुला जे कळत होतं, त्यावर तू ठरवलंस."

हे उत्तर मला पुरलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरत नाही. पोळ्या लाटताना, वर्गात मुलांची हजेरी घेताना मध्येच तो सामना सुरू होतो. मी पुन्हा मध्यरेषेपाशी उभी असते आणि नडगीत काय होतंय ते ऐकायचा प्रयत्न करते. कधी मी बाहेर येते, कधी चढाईला जाते.

तपासणीनंतर दोन दिवसांनी सर घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला. मला वाटलं संघातून काढलं म्हणून सांगायला आलेत. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून त्या मॅडमना आपल्या मैदानावर बोलावतोय. महिन्यातून एकदा. सगळ्या मुलींसाठी." मग कप बशीत ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पहिलवानाचं मी ऐकायला हवं होतं."

"मीच म्हणाले होते, खेळते म्हणून."

"तू म्हणणारच होतीस. मी मोठा होतो."

मी आणखी तीन हंगाम खेळले. जिल्ह्याच्या संघात परत आले, राज्याच्या संघात मात्र कधीच नाही. एकदा नाव यादीत चौदावं होतं आणि बाराच घेतल्या. पंचविसाव्या वर्षी मी खेळ सोडला. तेव्हा काही मोडलं नव्हतं. एका सकाळी सरावाला जायचं मनात येईना, दुसऱ्या सकाळी येईना, असा आठवडा गेला. पुढे बी.पी.एड. केलं आणि शाळेत शिक्षिका म्हणून लागले.

दापोड्यानंतर कॅप्टन माझ्याशी बोलत नव्हती. एकाच मैदानावर, एकाच संघात आम्ही ते हंगाम काढले. "डावीकडे," "मागे," "धर," एवढंच बोलणं. मग तिचं लग्न झालं आणि ती शहापूरकडे गेली.

काही वर्षांनी एका ओळखीच्या साखरपुड्यात ती भेटली. दुपारची पंगत बसत होती. ती भिंतीला धरून सावकाश खाली बसली, आधी एक पाय लांब करून, मग दुसरा. मला बघितल्यावर तिने शेजारच्या पाटावरची पिशवी उचलली आणि जागा केली. मी बसले. वाढपी भात घालून गेला.

"दोन्ही गुडघे गेले माझे," ती म्हणाली. "जिना चढवत न्हाय."

"कोणाला दाखवलंस?"

"दाखवलं. उशीर झाला म्हणतात." तिने भातात वरण कालवलं. "दापोड्याचा राग अजून हाय माझ्या मनात. आपण जिंकलो असतो."

"असतो कदाचित," मी म्हणाले.

"कदाचित न्हाय. जिंकलो असतो." तिने एक घास घेतला. मग म्हणाली, "तू अजून पळतेस?"

"सकाळी थोडं."

तिने माझ्या मांडी घातलेल्या पायांकडे बघितलं, चांगलं रोखून बघितलं, आणि तोंड फिरवून वाढप्याला हाक मारली, "अरे, इकडे भाजी आण. हिच्या पानात काहीच न्हाय."